फॉरमॅट मारायच्या आधी थांबा

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप परवापासून सुरूच होत नाहीये. म्हणजे लाइट लागतो, पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह येतं, मग ते गोल गोल फिरत राहतं आणि निळी स्क्रीन येऊन परत पहिल्यापासून. त्यात बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आहेत, बाबा आता नाहीत. माझा अर्धा प्रबंधही त्यातच आहे. रिपेअरवाले म्हणाले विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल. बॅकअप नाही. खरंच सगळं गेलं का?

उत्तर : नाही हो, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून बहुतेक काहीच गेलेलं नाही, पण आधी एक काम करा, लॅपटॉप अजून त्यांच्याकडे असेल तर हे वाचता वाचता फोन लावा आणि सांगा की कृपा करून काहीही इन्स्टॉल करू नका. सुरू होण्यासाठी विंडोजला स्वतःच्या ढीगभर फाइल्स लागतात, त्यातली एखादी बिघडली, म्हणजे अपडेट अर्धवट राहिलं किंवा मध्येच लाइट गेली, की गाडं तिथेच अडतं. बाबांचे फोटो मात्र त्याच डिस्कवर जागच्या जागी असतात, त्यांना या बिघाडाचा पत्ताही नसतो. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं की ते त्याच जागेवर लिहिलं जातं आणि खरं नुकसान तेव्हा होतं. डेटा काढून घेणं हे पहिलं काम, विंडोज दुरुस्त करणं दुसरं, आणि हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची जागा) उघडून बघा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर कधीकधी आपल्या नकळत तिकडे चढत असतात.

मग डिस्क जिवंत आहे का ते बघायचं. लॅपटॉप चालू करता करता एफ २ किंवा डिलीट दाबत राहा (हे बटण कंपनीनुसार वेगळं असतं), बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगची स्क्रीन येईल, तिथे डिस्कचं नाव आणि साइझ बरोबर दिसली तर निम्मी काळजी मिटली. दिसलीच नाही तर मग डिस्क किंवा तिचं कनेक्शन गेलंय, त्यासाठी पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

आता फाइल्स बाहेर काढायच्या. त्यासाठी एक एक्सटर्नल डिस्क लागेल, आणि ती फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, व्हिडिओ असतील तर तिथेच अडाल, एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल.

पहिला मार्ग असा की काहीच डाउनलोड करावं लागत नाही. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा अडलं की रिपेअरची निळी स्क्रीन आपोआप येते, तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडली की इंग्रजीत नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा. हो, तेच साधं नोटपॅड. त्यात फाइल मेनूतून ओपन म्हणा आणि खाली जिथे टेक्स्ट डॉक्युमेंट्स लिहिलंय तिथे ऑल फाइल्स करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि उगाच पोटात गोळा येईल. या ओपनच्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात, राइट क्लिक करून फोल्डर कॉपी करता येतो आणि एक्सटर्नल डिस्कवर जाऊन पेस्ट करता येतो. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल, तर अक्षर बघू नका, ज्यात यूजर्स नावाचा फोल्डर आणि त्यात तुमचं नाव आहे तो ड्राइव्ह धरा. पेस्ट केल्यावर किती झालं ते दिसत नाही, खिडकी हँग झाल्यासारखी वाटते, तरी हात लावू नका, कॉपी चालू असते. म्हणून थोडे थोडे फोल्डर घ्या, आधी फोटो आणि प्रबंध.

हे जमलं नाही तर लिनक्सचा (विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) पेन ड्राइव्ह, आणि मला स्वतःला हा मार्ग जास्त आवडतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल फुकट डाउनलोड करायची, रुफस किंवा एचर या फुकट प्रोग्रामने ती किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल, रिकामाच घ्या), आणि एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून आपला लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. तुमच्या डिस्कवर काहीच न टाकता पूर्ण डेस्कटॉप उघडतो. इन्स्टॉल लिहिलेल्या आयकॉनला मात्र अजिबात हात लावायचा नाही. विंडोज नीट बंद झालेलं नसलं तर डिस्क बहुतेक फक्त वाचण्यापुरती उघडते, आपल्याला तेवढंच हवंय.

एक अडथळा येऊ शकतो तो बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. डिस्क कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, नसेल तर सेटअपच्या वेळी प्रिंट काढली होती का किंवा लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडे आहे का ते विचारा. ही रिकव्हरी की नसेल तर मात्र डिस्क उघडत नाही, हे स्पष्टच सांगते. आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट (कुठली सिस्टिम सुरू होऊ द्यायची ते तपासणारं सेटिंग) वगैरे बदलायच्या आधी ही की शोधून ठेवा, कारण बदल केला की बिटलॉकर ती मागू शकतो.

दोन्ही मार्ग नाही जमले तर डिस्क काढून एनक्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. फक्त एनक्लोजर घेताना आपली डिस्क साटा आहे की एनव्हीएमई (डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) ते बघून घ्या, एम.२ नावाच्या छोट्या डिस्कच्या पट्ट्या दोन्ही प्रकारच्या येतात आणि दिसायला जवळपास सारख्याच. काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच जोडलेलं असतं, तिथे हा पर्याय नाही.

कॉपी झाल्यावर लगेच रिपेअरला देऊ नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर दहा-पंधरा फोटो उघडून बघा, प्रबंधाची फाइल शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करा, डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधलं राहिलं का तेही बघा. बाबांचे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग खुशाल फॉरमॅट मारू दे.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपची १ टीबीची हार्ड डिस्क टक टक असा आवाज करते आणि कॉम्प्युटर बूट होत नाही. एक मित्र म्हणतो चेकडिस्क चालव, दुसरा म्हणतो फ्रीजरमध्ये ठेवून बघ. काय करू?

उत्तर : दोन्ही नको. आत्ता बंद करा आणि परत चालू करून बघू नका. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. टक टक म्हणजे बहुतेक ते हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये, अशा वेळी ते तबकडीला घासलं तर ज्या थरात डेटा असतो तोच खरवडून निघतो. हे मी अनुभवाने सांगतेय, माझ्या एका डिस्कला असाच आवाज यायला लागला तेव्हा मी आशेने परत परत चालू करत राहिले, पहिल्या दिवशी निदान फोल्डरची नावं दिसत होती, तिसऱ्या दिवशी डिस्क ओळखतच नव्हती.

फ्रीजरमधून काढल्यावर आत बाष्प धरतं, म्हणजे आणखी एक बिघाड. आणि चेकडिस्क हे फाइल सिस्टिमची दुरुस्ती करतं, तुमच्या फाइल्स वाचवणं हे त्याचं कामच नाही, ते दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्तास पळवतं.

आवाज असेल आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीच्या लॅबकडेच द्या, जिथे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात. घरी झाकण उघडू नका. आवाज नाही, फक्त खूप स्लो आहे, मध्येच अडकते, असं असेल तर वर सांगितलेल्या लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम टाकता येतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग कॉपी करून घेतो आणि खराब जागांशी नंतर झटापट करतो, शिवाय कुठपर्यंत झालं याची नोंद ठेवतो म्हणजे थांबवून परत तिथूनच पुढे जाता येतं. ज्या डिस्कवर घ्याल ती मूळ डिस्कपेक्षा लहान नको, आणि कुठली मूळ आणि कुठली रिकामी हे एंटर मारायच्या आधी दोनदा वाचा, उलट झालं तर सगळं पुसलं जातं. पुढची सगळी शोधाशोध त्या कॉपीवरच करा.

प्रश्न : मला उशीर झाला, विंडोज परत टाकून झालंय. आता काही मिळेल का?

उत्तर : आधी सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता वरून विंडोज टाकलं असेल तर जुने यूजर्सचे फोल्डर त्यात सापडतात, पण साधारण १० दिवसांनी विंडोज तो स्वतःच पुसतं, तेव्हा दिसला तर लगेच एक्सटर्नल डिस्कवर घ्या.

फोल्डर नसेल तर डिस्क कुठली त्यावर आहे. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि क्विक फॉरमॅट झालं असेल तर ज्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नाही तिथला डेटा अजून आहे. कॉम्प्युटर वापरणं थांबवा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फोटोरेक नावाचा, पुसलेल्या फाइल्स शोधणारा प्रोग्राम चालवा, फुकट आहे. तो फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फाइल्स उचलतो त्यामुळे जुनी नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हजारो फाइल्स आकड्यांच्या नावाने समोर येतात आणि बसून निवडाव्या लागतात. सापडलेलं त्याच डिस्कवर सेव्ह करू नका.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क असेल तर मात्र खोटी आशा लावत नाही. विंडोज फॉरमॅटच्या वेळी ट्रिमची (ही जागा आता लागत नाही अशी) सूचना देतं आणि एसएसडी ते ब्लॉक्स मोकळे करून टाकते, मग बहुतेक वेळा रिकव्हरीच्या प्रोग्रामला रिकामी जागाच दिसते. तिथे वेळ घालवण्यापेक्षा जुना फोन, मेलमधल्या अटॅचमेंट्स, ज्यांना ज्यांना फोटो पाठवले होते ते नातेवाईक, यांच्याकडून गोळा करायला लागा.