गाढ झोपेत अल्फा लहरी दिसल्या, म्हणजे काय?

झोपेच्या चाचणीच्या अहवालात एवढी एक ओळ वाचून घाबरून जाऊ नका. डोळे मिटून जागे पडलो की मेंदूत सेकंदाला 8 ते 13 वेळा हेलकावणाऱ्या अल्फा लहरी उठतात. डोळा लागला की त्या विरतात आणि गाढ झोपेत संथ, उंच डेल्टा लहरी येतात. तुमच्या आलेखात त्या मोठ्या लाटांच्या अंगावर बारीक दातेरी रेघ दिसेल, तीच अल्फा. 1973 मध्ये हौरी आणि हॉकिन्स या संशोधकांनी याला अल्फा-डेल्टा झोप म्हटलं. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत ती आढळते, तशी धडधाकट माणसांतही. त्यामुळे निव्वळ रेघेवरून निदान होत नाही. सकाळी उठल्यावर अंग आंबल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.