आफ्रिकेत पाखरांच्या शिकारीला निघालाय? आजोबांची बंदूक घरीच राहू दे

प्रश्न : नमस्कार सर, मी कागलचा. माझे मेहुणे जोहान्सबर्गला नोकरीला आहेत, त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची फ्री स्टेट प्रांतात मोठी शेती आहे आणि जुलैमध्ये आम्ही तिघं तिथं पक्ष्यांच्या शिकारीला जाणार आहोत. आजोबांची बारा बोअरची दुनळी आता लायसनसकट माझ्या नावावर आहे, तीच घेऊन जावी असं फार मनात आहे. काय काय कागद लागतील? उडत्या पाखरावर मी कधी बार टाकलेला नाही, शेतात रानडुकरं पळवायला हवेत काढलाय तेवढाच. तयारी कशी करू?

उत्तर : दादा, आजोबांच्या बंदुकीवरचा जीव कळतो, पण मी स्पष्टच सांगतो, ती नेऊ नका. नेता येतच नाही असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा एसएपीएस 520 नावाचा फॉर्म असतो, तो काळ्या शाईत भरायचा, सही मात्र तिथल्या पोलिसासमोरच करायची, सोबत मूळ लायसन, पासपोर्ट, परतीचं तिकीट, ज्यांच्याकडं जाताय त्यांचं निमंत्रण पत्र, आणि वय 21 च्या वर पाहिजे. एवढं जमलं तरी आधी आपल्याकडची परवानगी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय आणि कस्टम, मग विमान कंपनीची लेखी मंजुरी, आणि दुबई-दोहा जिथं विमान बदलाल तिथली वेगळी. यातला एक कागद अडला की बंदूक विमानतळावर आणि तुम्ही शेतावर.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती बंदूक किती जुनी आहे ते बघा. जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बरेचदा अडीच इंचाचं म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं बहुतेक 70 मिलिमीटरची. मोठं काडतूस छोट्या चेंबरमध्ये बसतं, तिथंच माणूस फसतो, कारण काडतुसाची लांबी ते फुटून उघडल्यावरची मोजतात, बार झाला की तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी, असू शकते, मग तर जाणकार बंदूकवाल्यानं तपासल्याशिवाय बार काढूच नका, आफ्रिकेत नाही आणि कागलातही नाही.

तिथं शिकारीची सोय करणाऱ्याकडं भाड्यानं बंदूक मिळते. तिथल्या 2000 सालच्या शस्त्र कायद्यात लायसनवाला स्वतः सोबत उभा राहून दुसऱ्याला आपली बंदूक वापरायला देऊ शकतो, त्यामुळं तुमच्या मागची सगळी कागदपत्रं सुटतात. काडतुसंही तिथंच घ्या. छऱ्यांचा नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा. होल्याला आणि कबुतराला साडेसात नंबरचे छर्रे, तित्तराला सहा नंबर, गिनी फाउलला, म्हणजे तिकडच्या ठिपक्यांच्या रानकोंबडीला, पाच किंवा सहा, कारण ते पाखरू पिसांनी जाड आणि अंगानं चिवट असतं, आणि हंसाला त्याहून मोठे. जाण्याआधी त्यांना फोन करून एवढं जरूर विचारा की पहिल्या दिवशी क्ले म्हणजे मातीच्या चकत्यांवर सराव करून देणार का. नाही म्हणाले तर दुसरा माणूस शोधा.

आता खरी तयारी, आणि ती घरात होते. आधी कुठला डोळा जोरकस आहे ते बघा, दोन्ही हातांच्या पंजांची छोटी खिडकी करून त्यातून लांबचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्यानं खांब खिडकीतच राहतो तो जोरकस. उजव्या हाताचे असून डावा डोळा जोरकस निघाला तर ते आधीच सांगा, तिथला माणूस त्यावर उपाय करेल. मग रिकामी बंदूक, दोन्ही नळ्या उघडून दोनदा बघितलेली, खोलीत दुसरं कुणी नाही, अशी रोज थोडा वेळ खांद्याला लावायची सवय करा. दस्ता गालाला आधी लागला पाहिजे आणि खांद्यात मग, मान खाली वाकवून दस्त्यापर्यंत न्यायची नाही, दस्ता वर आणायचा. भिंत आणि छत जिथं मिळतं त्या रेषेवरनं नळी सावकाश फिरवा, दोन्ही डोळे उघडे. नवीन माणसाचं काय होतं, पाखरू उडालं की तो नळीच्या टोकाकडं बघतो आणि चाप ओढताना नळी थांबवतो, छर्रे जातात मागं. बघायचं पाखराकडं, त्याच्या चोचीकडं म्हणा, आणि चाप ओढल्यावरही नळी फिरतच राहिली पाहिजे.

सेफ्टीबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही. पाखराच्या मागं मोकळं आकाश दिसलं तरच बार. गिनी फाउल उडण्यापेक्षा पळणं पसंत करतं, आणि जमिनीवर पळणाऱ्या पाखरामागं कुत्रं असतं, हाका करणारा माणूस असतो. नेम 35-40 मीटरपर्यंतच धरा, पण छर्रे 200 मीटरच्या पुढंही जातात हे डोक्यात ठेवा. कुंपण ओलांडताना बंदूक उघडायची, काडतुसं काढायची. वीस बोअरची काडतुसं आणि बारा बोअरची एका खिशात कधीच नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढं अडकतं, माणसाला वाटतं नळी रिकामी, तो बाराचं घालतो आणि नळी फुटते. वीसची काडतुसं साधारण पिवळी ठेवतात ती याच्यासाठीच. कानाला प्लग आणि डोळ्याला चष्मा, तिघांनाही.

आणि इथं सराव म्हणून होल्यावर, तित्तरावर बार टाकायचा विचारही नको, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आहे, लायसन जाईल आणि केस होईल ते वेगळंच.

प्रश्न : मिस्टर फ्री स्टेटलाच शिकारीला जाताहेत, मी नुसती सोबत. विमान अदिस अबाबावरनं आहे. मलेरियाच्या गोळ्या, लसी, कपडे, काय करू? – राजारामपुरी

उत्तर : ताई, फ्री स्टेटमध्ये मलेरिया नाही, त्यामुळं फक्त तिथंच असाल तर गोळ्या लागणार नाहीत. क्रुगर अभयारण्याकडं, लिंपोपो प्रांताच्या सखल भागात फिरायला जाणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच जा. पण पिवळ्या तापाची लस विसरू नका. दक्षिण आफ्रिकेत तो ताप नाही, पण तुमचं विमान इथिओपियातनं जातंय, आणि परत येताना आपल्या विमानतळावर सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट निघाल्याबरोबर कामाला लागा. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना दाखवायचं.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याकडं जुलैत पंचगंगा पात्राबाहेर असते आणि तिथं कडक कोरडा हिवाळा. पहाटे गवतावर दव गोठलेलं असतं, दुपारी स्वेटर काढावा लागतो, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे. गवतात गोचीड असतं, त्याच्या चावण्यानं तिथं ताप येतो, रोज संध्याकाळी अंग, काखा, गुडघ्यामागं नीट बघा. बूट घोट्याच्या वरपर्यंत असू देत, आपल्या घोणशीसारखा पफ अॅडर तिथं वाटेवरच पडून असतो, थंडीत सुस्त असतो पण असतो.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यात एअर रायफल शिकतोय. माझा सराव शॉटगनला उपयोगी पडेल का? – एक विद्यार्थी

उत्तर : भावा, शिस्त उपयोगी पडेल, हात नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता पॅरिस 2024 ला ब्राँझ आणणारा तुमच्याच तालुक्यातला स्वप्निल कुसाळे, हे सगळे स्थिर निशाण्याचे, श्वास धरून, चाप हळूहळू दाबून. शॉटगनमध्ये, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीत, निशाणा उडतो, शरीर फिरतं, चाप झटकन ओढावा लागतो. दोन्हींची मनात गल्लत होऊ देऊ नको. कॉम्पिटिशन तोंडावर असेल तर शॉटगनच्या नादाला सध्या लागू नको, तुझे प्रशिक्षक काय म्हणतात ते ऐक.

प्रश्न : तिथनं पिसं किंवा थोडं मटण आणता येतं का? – गडहिंग्लज

उत्तर : नाही. बर्ड फ्लूमुळं पाखरांचं मांस, पिसं यांच्यावर कडक नियम आहेत, बॅगेत एकसुद्धा पीस टाकू नका. मारलेलं पाखरू तिथंच खायचं, नाहीतर शेतावरच्या कामगारांना द्यायचं. गिनी फाउलचं मांस कोरडं पडतं, म्हणून भाजण्यापेक्षा झाकण ठेवून मंद आचेवर रस्सा करा, इथनं नेलेला सीलबंद कांदा-लसूण मसाला त्याला छान लागतो, फक्त विमानतळावर अर्जात नोंद करून न्या.