सुवेझचा 'पाट' का नाही?

शिरपूरकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे : 'सहावीला सुवेझ कालवा शिकवत होतो. एका पोराने विचारलं, सर, त्या कालव्याचं पाणी कोणाच्या वावरात जातं? वर्ग हसला, पण मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे शेताला पाणी देतो तो पाट. काही जण त्यालाच कालवा म्हणतात. मग जहाजांच्या वाटेला कालवा म्हणणं बरोबर आहे का? वेगळा शब्द नको का?'

सर, त्या पोराला हसू नका. पाणी जर वाहून नेलंय, तर ते कुठेतरी पोचलंच पाहिजे, हे त्याला घरी कळलेलं आहे.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथे सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसे, 'पाटले पानी उनं का?' (पाटाला पाणी आलं का?) हा असे. बंधाऱ्यातून निघतो तो पाट, त्यातून फडाकडे, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटाकडे, वळते ती चारी, पाणी वाटतो तो पाटकरी, राखण करतो तो जागल्या. फडपद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात, आणि तिचे शब्दही तितकेच मुरलेले आहेत. पुढे मोठी धरणं आली आणि पाट्यांवर 'जामदा डावा कालवा', 'पांझण डावा कालवा' अशी नावं झळकली. गंमत म्हणजे हे कालवे ज्यांनी सांभाळायचे, त्या जळगावच्या महामंडळाच्या नावात मात्र 'पाटबंधारे'च आहे. थोडक्यात, बांधावर उभं राहून बोलायचं तर पाट, नकाशावर बोट ठेवून बोलायचं तर कालवा.

पण म्हणून 'कालवा' हा काही जहाजांसाठी राखून ठेवलेला भारदस्त शब्द नव्हे. कानडीत कालुवे, तेलुगूत कालुव, तमिळमध्ये कालवाय. म्हणजे शब्दाचं कूळ दक्षिणेचं, आणि तिकडेही तो मुळात पाण्याच्या चरासाठीच. (गलका या अर्थाचा कालवा वेगळा. तुमच्या वर्गात त्या दिवशी झाला तो.)

आता ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण कालवा वापरतो, तो 'कॅनॉल' बघा. त्याच्या मुळाशीही जहाज नाही. लॅटिनमध्ये 'कॅनालिस' म्हणजे नळी, पन्हळ, आणि तो आला 'कॅना'वरून, म्हणजे बोरू, वेत. पोकळ बोरूतून पाणी जातं, तेवढीच कल्पना. अरबीतला 'कनात' त्याच घराण्यातला. सुवेझला अरबीत 'कनात अस्-सुवैस' म्हणतात. आणि जमिनीच्या पोटातून पाणी आणणाऱ्या बोगद्यांनाही इराणात कनातच म्हणतात. तसली कनात आपल्या शेजारीच आहे : बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, १६१५ चा, आजही पाणी असलेला. बऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. तेव्हा सुवेझ आणि कुंडी भंडारा, एकातून आगबोटी जातात, दुसऱ्यातून पाणी झिरपत येतं, पण नाव एकच. तंबूची कनात मात्र यात ओढू नका. ती तुर्की, आणि तिचा मूळ अर्थ पंख.

मग 'सुवेझचा पाट' का खटकतो? माझ्या मते कारण उताराचं आहे. पाट म्हटलं की वरची बाजू आणि खालची बाजू आली, आणि शेवटी पाणी मातीत मुरणं आलं. पाटाच्या शेपटीला पाणी पोचत नाही म्हणून भांडणं होतात, ती त्यामुळेच. सुवेझला शेपूटच नाही. १७ नोव्हेंबर १८६९ ला तो खुला झाला. आज तो सुमारे १९३ किलोमीटर लांब आहे, पण वाटेत एकही लॉक (दारं लावून, पाणी भरून-सोडून जहाज वरखाली करणारा हौद) नाही, कारण दोन्हीकडच्या समुद्रांची पातळी जवळपास सारखीच. दोन्ही टोकांना तोंडंच. ग्रीसमधला कॉरिंथचा कालवाही तसाच, फक्त सहा-साडेसहा किलोमीटरचा.

पनामा मात्र पाटाच्या फार जवळ येतो. १९१४ साली सुरू झालेल्या या कालव्यात जहाज लॉकच्या पायऱ्यांनी २६ मीटर वर, 'गातून' नावाच्या तळ्यात चढतं आणि पलीकडे उतरतं. चाग्रेस नदी अडवून केलेलं ते तळं, म्हणजे चक्क धरण. प्रत्येक जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. २०२३ मध्ये पाऊस ओढला, तेव्हा दिवसाला ३६ च्या आसपास सुटणारी जहाजं २२-२४ वर आणावी लागली. आपल्याकडे आवर्तन लांबतं तसंच, फक्त पाळीसाठी बांधावर शेतकरी नाही, समुद्रात जहाजं ताटकळत होती.

तेव्हा शब्द 'कालवा'च ठेवा. पहिल्यांदा सांगताना 'जहाजी कालवा' म्हणा, घोळ होणार नाही. 'जलमार्ग' हा शब्द काही जण सुचवतात, तो नको. जलमार्ग खणलेलाच असतो असं नाही. २०१६ च्या कायद्याने आपली तापी हतनूर धरणाखालून खंबातच्या आखातापर्यंत 'राष्ट्रीय जलमार्ग १००' झाली आहे. कागदावर का होईना, पण झाली आहे. तिला कोणी कालवा म्हणेल का? आणि 'इंग्लिश खाडी'ला इंग्रजीत चॅनल म्हणतात म्हणून पोरं तिलाही कालवा लिहितात. 'चॅनल' हा कॅनॉलचाच सख्खा भाऊ, पण ती खाडी कोणी खणलेली नाही.

राहिलं त्या पोराचं उत्तर. सुवेझचं पाणी खारं, ते कोणाच्याच वावरात जात नाही. पण तो खणताना वाळवंटात मजुरांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून आधी नाईलचं पाणी आणणारा वेगळा कालवा काढावा लागला. १८६३ मध्ये तो सुवेझ गावापर्यंत पोचला. त्याचं नावच 'गोड्या पाण्याचा कालवा', आणि त्याच्या काठाची वावरं त्याच पाण्यावर भिजली. त्याला मात्र खुशाल पाट म्हणा.