ती पुंगी नव्हतीच! वाचकांचे प्रश्न आणि पडद्यामागची वाद्यं

मागच्या अंकात जुन्या सिनेमांच्या पार्श्वसंगीताबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की एखादा आवाज ऐकून "हे नक्की काय वाजलं?" असं वाटलं असेल तर कळवा. प्रश्न भरपूर आले, सगळे घेता येत नाहीयेत. ज्यांच्यावर मला मनापासून बोलावंसं वाटलं ते घेतलेत.

ताई, आमच्याकडे 'नागीन'वरून वाद झालाय. बाबा म्हणतात खरा गारुडी स्टुडिओत आणून पुंगी वाजवून घेतली, काका म्हणतात हार्मोनियम आहे, आणि माझा मुलगा म्हणतो हा तर कीबोर्ड. कोण बरोबर? (पनवेल)

मुलगा जिंकला, आणि काकाही अर्धे जिंकले!

१९५४ च्या 'नागीन'चं संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन वाजवली कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले कल्याणजी, आणि ती वाजवली क्लाव्हिओलिन नावाच्या वाद्यावर. सोबत हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. म्हणजे वैजयंतीमाला ज्या आवाजावर डोलते त्या आवाजामागे गारुडी कुणीच नाही, दोन तरुण वादक आहेत.

क्लाव्हिओलिन हे फ्रान्समधल्या काँस्टाँ मार्तँ यांनी १९४७ मध्ये काढलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य. पेटीसारख्या पट्ट्या, आत व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत लाल-पिवळ्या उजेडाच्या काचेच्या नळ्या असायच्या ना तेच, आणि आवाज वेगळ्या डब्यातल्या स्पीकरमधून. एका वेळी एकच सूर वाजतो, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची एक दांडी असते, त्यामुळे बोटं मोकळी राहतात.

आता गंमत बघा, एका वेळी एकच सूर ही खरं तर त्या वाद्याची मर्यादा, पण बीनेसाठी तीच कामाला आली. खऱ्या पुंगीत भोपळ्याखाली दोन नळ्या असतात, एकीवर चाल आणि दुसरीतून सतत एकच सूर धरलेला, आणि गारुडी गालात हवा भरून नाकाने श्वास घेत राहतो म्हणून आवाज मध्ये तुटतच नाही. सूर तुटत नाही म्हणून एकाच सुरावर परत यायचं तर शेजारच्या सुराला झटकन शिवून यावं लागतं, तो जो थरथरता तोरा ऐकू येतो तो त्यातून येतो. कल्याणजींनी नेमका तो तोरा पट्ट्यांवर आणला. नाकातून आल्यासारखा टोकदार आवाज मशीनचा, पण ती शिवाशिवी बोटांची. हेडफोन लावून परत ऐका आणि बाबांनाही ऐकवा, त्यांचा कान काही चुकला नव्हता, वाजवणाराच तितका तयारीचा होता.

नमस्कार ताई. लहानपणी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. त्याच्या सुरुवातीला जी बाई गाते ती बाई नसून थेरेमिन नावाचं हात न लावता वाजणारं यंत्र आहे असं मित्र म्हणतो. हात न लावता वाद्य वाजतं कसं? (मिरज)

आधी मित्राची चूक दुरुस्त करू. ती बाईच आहे. लूली जीन नॉर्मन नावाच्या गायिकेचा आवाज आहे तो, शब्द नाहीत, नुसता आलाप, आणि तो इतर वाद्यांत असा मिसळलाय की यंत्र वाटावं. हा गैरसमज जगभर आहे, तेव्हा मित्राला फार बोलू नका.

पण थेरेमिन आहे खरंच, आणि खरंच हात न लावता वाजतं. रशियातल्या लेव्ह तेरमेन यांनी १९२० च्या सुमाराला ते केलं, १९२८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. एक लाकडी खोकं, त्याच्यातून एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवं कडं. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्याजवळ नेला की आवाज बारीक होतो.

तुम्ही मिरजेचे, म्हणजे तंतुवाद्यांच्या गावचे, म्हणून तुमच्याच गावच्या उदाहरणावरून सांगते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना एक तार जराशी इकडेतिकडे असली की "वाँव, वाँव" असे हेलकावे ऐकू येतात ना? तार जुळत आली की हेलकावे संथ होतात आणि जुळली की थांबतात. तो हेलकावा म्हणजे दोन तारांच्या कंपनांमधला फरक. थेरेमिनच्या खोक्यात अशाच दोन "तारा" आहेत, फक्त त्या विजेच्या आहेत आणि इतक्या वेगाने कंप पावतात की आपल्या कानाला त्या ऐकूच येत नाहीत. एक स्थिर असते, दुसरी आपला हात जवळ आला की किंचित ढळते, कारण आपल्या शरीराचा त्या दांडीभोवतीच्या विद्युत क्षेत्रावर परिणाम होतो. दोघींमधला फरक तेवढा कानाला कळेल इतका खाली येतो आणि तोच आपण सूर म्हणून ऐकतो.

पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोट टेकवायला जागा नाही, सगळं हवेत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, या वाद्याला आपोआप येते, उलट सुटा, स्वच्छ 'सा' लावणं महाकठीण. क्लारा रॉकमोर यांचं वादन शोधून बघा, त्या हवेत बोटं अशी उघडत-मिटत सूर घेतात की पाश्चात्त्य शास्त्रीय रचना व्हायोलिनच्या तोडीने ऐकू येतात.

सिनेमात मात्र याच्या नशिबी भीतीच आली. हिचकॉकच्या १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये नायकाला पांढऱ्यावर रेघा दिसल्या की घेरी येते, तिथे मिक्लोश रोझा यांनी थेरेमिन वापरलं आणि त्या संगीताला ऑस्कर मिळालं. वाजवणारे सॅम्युअल हॉफमन पेशाने पायांचे डॉक्टर होते! पुढे १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मध्ये बर्नार्ड हरमन यांनी दोन थेरेमिन घेतली आणि तेव्हापासून उडती तबकडी म्हटलं की तोच आवाज, इतका की आजही कार्टूनमधे परग्रहवासी आला की तेच ऊंऽऽ.

हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये संगीतच नाही असं वाचलं. मग इतकी भीती का वाटते? (नाशिक)

पात्रं स्वतः गातात-वाजवतात तेवढं सोडलं तर नेहमीचं पार्श्वसंगीत खरंच नाही. पण आवाज आहेत, आणि त्यातले बरेच पक्ष्यांचे नाहीतच. ऑस्कर साला आणि रेमी गासमन यांनी ते ट्राउटोनियम नावाच्या जर्मन वाद्यावर तयार केले. त्यात धातूच्या पट्टीवर एक तार ताणलेली असते, ती बोटाने जिथे दाबाल तो सूर, म्हणजे आपल्या विचित्रवीणेसारखी सूर सरकवायला मोकळीक. हे आवाज ओळखीचे वाटतात पण कुठल्याच पक्ष्याला चपखल बसत नाहीत, आणि माझ्या मते भीती तिथेच आहे. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून हल्ल्याचा एखादा प्रसंग बघा, मग आवाज लावून बघा.

आपल्याकडे सिंथेसायझर ८० च्या दशकात डिस्कोबरोबर आला ना? (बेळगाव)

बरेच जण असंच समजतात, पण नाही. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली मूग सिंथेसायझर येऊन पोचला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ लावून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. ती टेपं कितीतरी वर्षं पडून होती, अगदी अलीकडे बाहेर आली. हे मूग म्हणजे रॉबर्ट मूग, त्यांनी शाळकरी वयात थेरेमिन बनवण्यापासून सुरुवात केली होती, म्हणजे मिरजेच्या वाचकांचा धागा इथे येऊन मिळतो.

सिनेमात केर्सी लॉर्ड यांचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईच्या पारशी वादक घराण्यातले, वडील कावस लॉर्डही सिनेमाचे वादक. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मध्ये जो अ‍ॅकॉर्डियन अंगावर काटा आणतो तो केर्सींचा, आणि ७० च्या दशकात मूग घेऊन स्टुडिओत जाणारेही तेच. मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की आपल्याला गाण्याचा गायक पाठ, गीतकार पाठ, नट तर पाठच, पण ज्या आवाजाने गाणं डोक्यात बसलं तो काढणाऱ्याचं नाव ना टायटल्समध्ये ना रेकॉर्डवर. लॉर्ड कुटुंबावर 'द ह्यूमन फॅक्टर' नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर चुकवू नका. आणि चरणजित सिंग, तेही सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा फार कुणी विचारलं नाही, पुढे जवळजवळ तीस वर्षांनी परदेशात लोक ती रेकॉर्ड शोधत फिरू लागले.

मी शाळेत शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनात मुलांना घरातल्या वस्तूंवर जुनं सिनेमाचं गाणं वाजवायला लावायचंय. बाटल्या सुरात लावल्या, पण फुंकल्यावर सगळं उलटंच वाजतंय! (सातारा)

बाई, किती छान कल्पना आहे! बाटल्यांचं उलटं होणारच, त्यात तुमची काही चूक नाही. मी रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सरबताच्या तीन सारख्या बाटल्या घेऊन बसले होते. चमच्याने वाजवलं तर जास्त पाण्याची बाटली खाली बोलते, कारण तिथे काच थरथरते आणि पाण्याने ती जड होते. जलतरंगाचं पण तसंच, वाटीत पाणी घातलं की सूर उतरतो. पण तीच बाटली फुंकली तर थरथरते आतली हवा, पाणी जास्त म्हणजे हवेला जागा कमी, म्हणून सूर वर जातो. म्हणजे फुंकायच्या आणि वाजवायच्या बाटल्या वेगवेगळ्या लावा, आणि पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवा, कारण ग्रीनरूममध्ये कोणीतरी पाणी पितंच.

मुलांना पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या गोष्टी सांगा, त्यांना फार आवडतील. 'शोले'तल्या 'मेहबूबा'च्या सुरुवातीला बाटल्या फुंकल्यात, 'चुरा लिया'तली किणकिण कप-ग्लाससारख्या घरातल्या वस्तूंचीच, आणि 'सत्ते पे सत्ता'च्या पार्श्वसंगीतात तर अ‍ॅनेट पिंटो यांच्याकडून गुळण्या करवून घेतल्या! पंचमदांच्या ताफ्यात अमृतराव काटकर रेसो वाजवायचे, खाचा असलेल्या वाद्यावर काडी घासायची, खर्र-खर्र-खट. त्याऐवजी जाड दातांचा कंगवा आणि पेन्सिल चालेल. हे काम वर्गातल्या सगळ्यात चुळबुळ्या पोराला द्या, ठेका तोच सांभाळेल.

आजोबांचा बेंजो माळ्यावर सापडला. ते गणपतीत वाजवायचे. घरचे म्हणतात भंगारात द्या, आता सगळे कीबोर्डच वाजवतात, आणि हा खरा बँजो पण नाही म्हणे. काय करू? (संगमेश्वर)

देऊ नका हो, पाया पडते!

अमेरिकन बँजो वेगळा, त्याला कातडं मढवलेलं असतं. आपल्या कोकणात आणि गिरणगावात ज्याला बेंजो म्हणतात तो बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ थेट जपानात, १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी केलेल्या ताइशोगोतोत. टाइपरायटरसारखी बटणं बघून तुम्हालाही नवल वाटलं असेल. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. मिरवणुकीत ढोल-ताशापुढे आवाज पोचेना म्हणून आपल्या पोरांनी त्याला पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत पकडणारा तुकडा, बसवला, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे जोडले, आणि घरात बसून वाजवायचं नाजूक वाद्य रस्त्यावरचं इलेक्ट्रिक वाद्य झालं. कुठल्या कंपनीने नाही केलं हे, वाजवणाऱ्यांनीच केलं. म्हणून मला ते क्लाव्हिओलिन नि थेरेमिनच्याच रांगेत ठेवावंसं वाटतं.

मऊ ब्रशने धूळ काढा, पाणी लावू नका. गंजलेल्या तारा एकदम न कापता एकेक सैल करत काढा, पातळ पोलादी तारा आणून सगळ्या आधी एकाच सुरात लावा, खालच्या सुराची असेल ती वेगळी. बटणं अडकत असतील तर खालच्या स्प्रिंगा बघा, सहसा तिथेच मळ बसतो. आजोबांनी पिकअप लावला असेल तर तो काढू नका, वायर तुटलेली असली तरी राहू द्या, रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि सुरू झाला की पहिल्यांदा 'नागीन'चीच धून काढून बघा, वाड्यातली पोरं आपोआप तोंडात रुमाल धरून गोळा होतील.