वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप घेताना वॅटचा हिशेब

प्रश्न : मी बोलीभाषांची अभ्यासक आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस ध्वनिमुद्रणासाठी फिरतीवर जातात आणि तिथे मुद्रणे ऐकून उतरवून घेणे, टिपणे लिहिणे ही कामे बहुधा विजेची सोय नसताना करावी लागतात. घरी परतल्यावर महिन्याला दोन-तीन चित्रफिती संपादित करते. पाहिलेल्या लॅपटॉपपैकी एक सव्वा किलोचा आहे. दुसरा सव्वादोन किलोचा असून त्यात स्वतंत्र ग्राफिक्स चिप आहे. प्रोसेसरचे नाव मात्र दोन्हींत तंतोतंत एकच आहे. मग जास्त वजन पत्करून मिळते काय? हलक्या लॅपटॉपच्या जाहिरातीतले ‘अठरा तास’ खरे मानावेत का?

उत्तर : प्रोसेसरचे नाव एक असले, तरी त्याला सतत किती वॅट वीज वापरू द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ लॅपटॉपमध्ये ही मर्यादा पंधरा ते अठ्ठावीस वॅटच्या आसपास ठेवलेली असते, तर जाड लॅपटॉपमध्ये तोच प्रोसेसर पंचेचाळीस वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेऊ शकतो, कारण निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायला तिथे मोठे पंखे आणि तांब्याच्या जाड नळ्या बसवायला जागा असते. म्हणून दुकानात पाच मिनिटे हाताळून पाहिल्यास दोन्ही सारखेच चपळ वाटतात. फरक कळतो तो चाळीस मिनिटांची चित्रफीत तयार करायला लावल्यावर : हलका लॅपटॉप सुरुवातीला जोरात धावतो, मग कळफलकाची वरची ओळ बोटांना चटके देऊ लागते, पंखा घोंघावतो आणि वेग हळूहळू खाली येतो. आपण जादा किलोभर वजन उचलता ते हा वेग टिकून राहावा म्हणून, आणि अर्थात त्या ग्राफिक्स चिपसाठी.

आता अठरा तासांकडे वळू. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. समजा, हलक्या लॅपटॉपची बॅटरी 54 वॅट-तासांची आहे. ती अठरा तास चालायची, तर पडद्यासकट सगळ्या यंत्राने सरासरी 3 वॅटच वापरले पाहिजेत. पडद्याचा उजेड मंद ठेवून एकच चित्रपट सलग लावला, तर ते जमू शकते, कारण चित्रफीत उलगडण्याचे काम चिपमधला त्यासाठीच घडवलेला भाग अगदी कमी विजेत करतो. आपले काम तसे नाही. मुद्रण ऐकत टंकलेखन करताना, पडदा पुरेसा उजळ ठेवून, 8 वॅट धरा. म्हणजे पावणेसात तास झाले. व्हिडिओ कॉलवर 15 वॅट लागले, तर साडेतीन तासांच्या पुढे फारसे काही उरत नाही. शिवाय काही वर्षांच्या वापरानंतर क्षमता 80 टक्क्यांवर आली, की पावणेसातचे साडेपाचही राहत नाहीत. खरेदी करताना हाच उतरलेला आकडा हिशेबात धरावा, असे माझे मत आहे.

जड लॅपटॉपची बॅटरी 80 वॅट-तासांची असली, तरी स्वतंत्र ग्राफिक्स चिप जागी राहिली तर साध्या लेखनातही 14 वॅट सहज खर्च होतात आणि हाती येतात जेमतेम पावणेसहा तास. त्यातही चार्जर काढला की हे यंत्र आपला पूर्ण वेग दाखवत नाही, कारण मोठा चार्जर जेवढे वॅट पुरवतो तेवढे बॅटरीतून सतत खेचता येत नाहीत. म्हणजे ज्या वेगासाठी वजन वाहायचे, तो फिरतीवर मिळतच नाही. चार्जरचे वजनही विसरू नका. जाहिरातीतल्या आकड्यात ते धरलेले नसते. हलक्याचा 65 वॅटचा चार्जर पावशेराच्या आत बसतो, तर जड लॅपटॉपची वीट अर्ध्या किलोच्याही पुढे जाते. पिशवीत दीड किलो की पावणेतीन, हा खरा प्रश्न आहे.

आपण हलका लॅपटॉप घ्यावा. महिन्याला दोन-तीन चित्रफिती तो घरी, चार्जर लावून, रात्रभर सावकाश तयार करील. हेच संपादन रोजचे असते, तर मी उलट सल्ला दिला असता. मात्र रॅम आधीच जास्त, शक्यतो 32 जीबी घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावर कायमची जोडलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही. उघड्यावर बसून काम करायचे असल्याने पडदा किमान 400 निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) आणि चकाकी नसलेला पाहावा.

प्रश्न : लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडून ठेवल्यास बॅटरी खराब होते का?

उत्तर : बॅटरी भरल्यावर चार्जिंग थांबते, त्यामुळे ती जादा भरण्याची भीती नाही. मात्र लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत राहिली, की लवकर म्हातारी होते. सेटिंगमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती चालू करा आणि प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करायला विसरू नका.