बोर्डो मिश्रणात नोझल का तुंबतं?

प्रश्न : अथणी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. डाऊनी (केवडा) रोगासाठी 1 टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण, फवारतो, पण नोझल तुंबतं आणि पानं करपतात. प्रमाण बरोबर असूनही असं का? या मिश्रणाचा शोध द्राक्षावरच लागला का?

उत्तर : प्रमाण बरोबर आहे. चूक बहुधा चुन्यात आणि कालवण्यात आहे.

पोतं उघडं राहिलं की कळीचा चुना हवेतच मरतो. असा चुना किलोभर घातला तरी मोरचुदाची आम्लता पुरती मारत नाही, आणि मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणून पाणी घातल्यावर फसफसून गरम होणारा चुनाच घ्या.

100 लिटरसाठी 1 किलो मोरचूद (तुमच्याकडे बाजारात कन्नडमध्ये मैलुतुत्त म्हणाल तरी हेच मिळतं) फडक्यात बांधून 50 लिटर पाण्यात वरच्या बाजूला लटकवा. तळाशी टाकलं तर विरघळायला फार वेळ लागतो. पिंप प्लास्टिकचंच हवं, लोखंडाला तांबं चिकटतं. 1 किलो चुना वेगळा विरवा, गार होऊ द्या, फडक्यातून गाळा आणि त्याचंही 50 लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी सावकाश चुन्यात ओतत ढवळा. दोन्ही घट्ट कालवून नंतर पाणी वाढवलं, की निळा साका जाडाभरडा होतो. तुमचं नोझल त्यानेच तुंबत असणार.

फवारण्याआधी घासलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी आणखी घाला. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच वापरा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की पानाला चिकटत नाही. बोर्डो रोग येण्याआधीच मारायचं. बीजाणू पानात शिरल्यावर उपयोग नाही.

शोध द्राक्षावरचाच. अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने 1878 पासून फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. 1882 मध्ये तिथल्या बोर्डो शहरातले प्राध्यापक मिलार्दे यांना सें-ज्युलियँ गावात रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार दिसली. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद-चुना शिंपडलेला होता! रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्यासोबत प्रयोग करून त्यांनी 1885 मध्ये कृती छापली : 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, 30 लिटरमध्ये 15 किलो चुना. इतकं दाट मिश्रण मजूर छोट्या कुंच्याने पानांवर शिंपडत.