इरफान खानला होतं तेच का हे?

खुर्चीवर टेकायच्या आतच त्या वडिलांनी हे विचारलं. हातातला रिपोर्ट इतक्यांदा उघडून पाहिलेला, की घडीवर फाटायला आला होता. २२ वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स काढलं आणि तपासणीत निघालं ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’, म्हणजे हार्मोन तयार करणाऱ्या पेशींची गाठ. मुलगी शेजारी गप्प बसून होती.

इरफान यांनी २०१८ साली आजाराचं नाव स्वतः जाहीर केलं, २०२० मध्ये ते गेले. तेव्हापासून आतड्यातल्या अशा गाठीचं नाव निघालं, की लोकांना आधी तेच आठवतात.

“आणि मॅडम, ६७ टक्के पसरलाय!” त्यांनी बोट ठेवलं तिथे छापलं होतं : ‘की-६७ : १ टक्का’.

माझ्याच पोटात कालवलं. आठवडाभर हा माणूस ते ६७ उराशी घेऊन जागा होता. दादा, ६७ हे तपासणीचं नाव आहे. ती जर्मनीतल्या कील शहरात शोधली गेली, ‘की’ तिथलाच. तुमचा आकडा पुढचा, १. म्हणजे शंभरातली जेमतेम एक पेशी वाढीच्या घाईत. ३ च्या खाली पहिली, सगळ्यांत संथ वाढणारी ग्रेड, २० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी.

मग पेन्सिलीने आणखी तीन ठिकाणी खुणा केल्या. जागा : अपेंडिक्सचं टोक. आकार : ८ मिलीमीटर. कडा : मोकळ्या, म्हणजे कापलेल्या काठावर गाठीच्या पेशी नाहीत. गाठ पुढे कशी वागेल याचा अंदाज डॉक्टर हे सगळं मिळून बांधतात. एवढीच गाठ लहान आतड्यात असती, तर आकडा कमी असूनही लिंफच्या गाठींकडे, यकृताकडे बघावं लागलं असतं. म्हणून दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नये, मग तो इरफान यांचा का असेना.

“परत होणार नाही, असं लिहून द्या.”

तसं कुणालाच लिहून देता येत नाही. पण अपेंडिक्समधली १ सेंटीमीटरहून लहान गाठ पूर्ण निघाली, की सहसा तेवढंच ऑपरेशन पुरतं. ‘आणखी काही तपासण्या लागतील का?’ हा प्रश्न सर्जनसाठी कागदावर लिहून दिला.

उठता उठता ते घुटमळले. “स्थळं बघतोय हिला. सांगायचं का?”

मी मुलीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच बोलली, “मी सांगेन, बाबा. तो रिपोर्ट माझ्याकडे द्या.”